‘बरोबर कोण आहे?’

बाईमाणूस घराबाहेर पडायला लागलं की एक प्रश्न उंबऱ्यावरच उभा असतो, ‘बरोबर कोण आहे?’ शाळेच्या सहलीला जाताना आई विचारते, माहेरी निघालं की सासूबाई विचारतात, रात्रीच्या गाडीला नवरा विचारतो आणि पन्नाशी उलटली की ज्याला आपण बोट धरून चालायला शिकवलं तो मुलगाही विचारतो. प्रश्न मायेनंच विचारलेला असतो, त्याबद्दल वाद नाही. पण गंमत बघा. घरातला पुरुष कुठे निघाला तर आपण त्याला विचारतो, ‘कधी येणार?’ आणि तिला मात्र, ‘बरोबर कोण?’ त्याच्याकडे मागितली जाते ती माहिती. तिच्याकडे मागितला जातो तो जामीन!

आज हा प्रश्न मला डोंगरावर घेऊन जायचाय. तोही आपल्या ओळखीच्या सह्याद्रीत नव्हे, लडाखमध्ये. कारण आपल्याकडच्या कितीतरी बायका आता तिकडे जाऊन येतात. कुणी महिला विशेष सहलीतून, कुणी कुटुंबाबरोबर, कुणी बुलेटवर मागे बसून, तर कुणी स्वतः बुलेट चालवत. तिथले उघडेवाघडे, जांभळे-तांबूस डोंगर बघून त्यातल्या काहीजणींना वाटतं, एक दिवस, फक्त एक दिवस आपण एकटीनं चालावं. सकाळी निघावं, संध्याकाळच्या आत मुक्कामी पोचावं. शिखर नको, झेंडा नको, बक्षीस नको. असं वाटणाऱ्या बाईला बहुतेक वेळा उत्तर मिळतं, ‘वेड लागलंय का तुला?’

माझं म्हणणं असं, की हे वेड नाही. ही साधी, रास्त इच्छा आहे. मात्र ती पुरी करायची तर ‘बरोबर कोण’ हा प्रश्न बाजूला ठेवून दुसरे चार प्रश्न विचारायला शिकलं पाहिजे. तिनंही आणि तिच्या घरच्यांनीही.

आधी ती जागा कशी आहे ते बघू. लडाखला शीत वाळवंट म्हणतात. लेह हे गावच मुळी समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटरचं. म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक रचल्या तरी लेहच्या बाजारात जर्दाळू घेत उभी असलेली बाई त्यांच्याही वर असते! पाऊस म्हणाल तर वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर. मुंबईत पावसाळ्यातल्या एखाद्या दिवशीच तेवढा पडून जातो. ढग हिमालयाच्या अलीकडच्या रांगांवरच रिते होतात, पलीकडे पोचतो तो वारा. झाडं दिसतात ती गावात, वरच्या बर्फाचं पाणी पाटानं आणून जगवलेली. जर्दाळू, विलो, पॉपलर आणि त्यांच्या मधे जवाचे हिरवे तुकडे. गाव संपलं की हिरवा रंगही संपतो.

आणि हवा? लेहच्या उंचीवर एका श्वासात मिळणारा प्राणवायू मुंबईच्या मानानं साधारण दोन तृतीयांश. जिना चढताना धाप लागली तर ‘वय झालं बाई’ असं म्हणू नका. तिथे विशीतल्या पोरांनाही लागते.

या प्रदेशात लेहच्या पश्चिमेला शाम नावाचा भाग आहे. लिकीर, यांगथांग, हेमिस शुकपाचन, तेमिसगाम अशी गावं एकेका खिंडीनं एकमेकांपासून वेगळी झालेली. पूर्वापार लोक पायी जा-ये करत आले ती वाट आजही आहे. यातल्या गावांना आता गाडीरस्ते पोचलेत, घरगुती मुक्कामाची सोय आहे. अनुभवी ट्रेकर मंडळी या वाटेला थोडं नाक मुरडून ‘बेबी ट्रेक’ म्हणतात. म्हणोत बापडे! एकटीनं एक दिवस चालायचं असेल तर मला अशीच वाट योग्य वाटते. दोन्ही टोकांना गाव, मधे एक खिंड आणि बिघडलं तर परतायला रस्ता.

मी स्वतः यांगथांग ते हेमिस शुकपाचन हा टप्पा एकटीनं चालले. आमचा सगळा गट पँगाँगला गेला होता आणि मी दोन दिवस मागे राहिले होते. तेव्हा लेहमध्ये येऊन मला आठवडा होत आला होता, हे मुद्दाम सांगते. यांगथांगला ज्या घरी मुक्काम होता, तिथल्या बाईंना मी ‘आचे-ले’ म्हणायचे. आचे म्हणजे ताई, आणि ‘ले’ हा आदराचा शब्द, आपल्या ‘जी’सारखा. रात्री त्यांना मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, उद्या मी एकटीच शुकपाचनला जाणार. मनातून मी तयारीत होते. आता येणार तो प्रश्न!

तो आलाच नाही. त्यांनी विचारलं, पाणी किती नेणार? किती वाजता निघणार? डोकं दुखत नाही ना? तिकडे कुणाच्या घरी उतरणार? शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. ते ऐकून त्यांनी तिथल्या घरी फोन लावला आणि आपल्या भाषेत काहीतरी सांगितलं. मला इतकंच कळलं, की उद्या दुपारपर्यंत माझी वाट बघणारं एक घर खिंडीच्या पलीकडे तयार झालं होतं. सकाळी डब्यात जवाच्या पिठाच्या जाड रोट्या आणि उकडलेला बटाटा भरून दिला आणि दारातून ‘जुले’ म्हणाल्या. बस्स. ना कौतुक, ना काळजीचा सूर.

मी चालता चालता विचार करत राहिले, की या बाईला माझी काळजी कमी होती का? मुळीच नाही. उलट माझ्या गोतावळ्यातल्या कुणीही विचारले नव्हते इतके नेमके प्रश्न तिनं विचारले होते. फरक एवढाच, की तिची काळजी डोंगराबद्दल होती. आपली काळजी असते ती ‘बाई एकटी’ याबद्दल. आणि डोंगराला ना बाई कळते ना पुरुष.

ती वाट यांगथांगहून आधी ओढ्याकडे उतरते आणि मग त्सेरमांगचेन ला या खिंडीकडे चढते. ‘ला’ म्हणजे खिंड. सगळी चाल तीन-चार तासांची. उंची चार हजार मीटरच्या आतच. पण सह्याद्रीतल्या सवयी तिथे कामाला येत नाहीत, हे पहिल्या तासातच कळतं. आपल्याकडे करवंदीच्या जाळीतून वाट हरवते, तिथे सगळं समोर उघडं असतं. खिंडीवरच्या दगडांच्या राशी आणि फडफडणाऱ्या पताका इतक्या स्वच्छ दिसतात की वाटतं, पाच मिनिटांत पोचू. कोरड्या हवेत लांबचंही जवळ भासतं, ती पाच मिनिटं संपता संपत नाहीत. आपल्याकडे गडावर पाण्याचं टाकं सापडतं, तिथे ओढा ओलांडला की पुढचं पाणी पुढच्या गावात. आपल्याकडे घामानं कपडे चिंब होतात म्हणून तहान आठवते. तिथे घाम येताक्षणी वाळतो, त्यामुळे शरीरातलं पाणी चाललंय हे कळतसुद्धा नाही. श्वासावाटेही पाणी जात असतं. उन्हाचं म्हणाल तर दर हजार मीटरला अतिनील किरणांचा मारा साधारण दहा टक्क्यांनी वाढतो. हवा गार आहे म्हणून टोपी काढून ठेवणाऱ्यांची नाकं संध्याकाळी सोललेली असतात.

आणि ढोरवाटा! हा शब्द आपल्या भटक्यांना नीट माहीत आहे. शेळ्या-मेंढ्यांच्या पायवाटा तिथेही डोंगरउतारावर जाळ्यासारख्या पसरलेल्या असतात. आपल्याकडे त्या रानात शिरतात आणि तिथे घसाऱ्यावर. एकटीनं चालताना शंका आली की पुढे रेटायचं नाही. जिथे शेवटची खात्रीची वाट होती तिथे मागे यायचं. साधा नियम आहे, पण तो पाळायला बरोबर कुणी नसलेलंच बरं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. कारण चारचौघांत ‘परत फिरू या’ म्हणणं आपल्याला फार जड जातं.

इथे मी मूळ मुद्द्यावर येते. बरोबर माणसं असली की बाई सुरक्षित, हे आपलं गृहीतक आहे ना? लडाखच्या सहलीतली एखादी बस डोळ्यांसमोर आणा. लेहहून निघालेली, तीन-चार तास कुठे थांबा नाही, थांबली तरी आडोसा नाही. बायका काय करतात? पाणी पीत नाहीत. तोंड ओलं करण्यापुरता घोट घेतात आणि बाटली ठेवून देतात. हे कुणी कुणाला सांगत नाही, पण आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेपासूनची सवय आहे ती. त्या कोरड्या हवेत दिवसभर पाणी न पिणं म्हणजे डोकेदुखीला आमंत्रणच.

डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं की दुसरी सवय पुढे येते. गप्प बसायची! ‘माझ्यामुळे सगळ्यांचा दिवस कशाला खराब?’ उंचीवर त्रास होतो त्याची सुरुवात याच लक्षणांनी होते. डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, भूक मरणं, झोप न लागणं. तेवढ्यावर थांबलं तर विश्रांतीनं बरं वाटतं. पण ते अंगावर काढून आणखी वर गेलं तर फुप्फुसात पाणी साठू शकतं किंवा मेंदूला सूज येऊ शकते. स्वस्थ बसलेलं असतानाही धाप लागणं, सततचा खोकला, सरळ रेषेत चालता न येणं, बरळणं, ही धोक्याची घंटा. अशा वेळी उपाय एकच, ताबडतोब खाली उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा. त्यात एक तासाचाही वेळ दवडायचा नाही. आता सांगा, ‘सगळ्यांचा दिवस’ सांभाळणारी बाई हे वेळेवर बोलेल का? बरोबर वीस माणसं असूनही ती त्या क्षणी एकटीच असते. आणि तेही काहीच न ठरवता!

याउलट एकटीनं चालणारी बाई आपल्या शरीराचं ऐकते. दुसरं ऐकायला कुणी नसतंच. तहान लागली की पाणी पिते, लागली की दगडाआड जाऊन येते. त्या डोंगरात दूरवर चिटपाखरू नसतं. दमली की बसते आणि वाटलं तर परत फिरते. कुणाची माफी मागावी लागत नाही. पन्नास वर्षांच्या आयुष्यात असा एक दिवस किती जणींच्या वाट्याला येतो, मोजा बरं!

आता दुसरी बाजू. गिर्यारोहण शिकवणारी मंडळी आणि अपघात झाला की रात्री-अपरात्री दऱ्यांत उतरून लोकांना वर काढणारी मुलं एकमुखानं सांगतात, डोंगरात एकट्यानं जाऊ नका. मी त्यांच्या शब्दाला किंमत देते. पाय मुरगळणं ही चौघांत गमतीची गोष्ट असते, एकट्याला ती रात्र उघड्यावर काढायला लावू शकते. लडाखमध्ये तर सूर्य डोंगराआड गेला की पारा भराभर उतरतो. त्यामुळे ‘एकटीनं जा’ असा सरसकट सल्ला मी देणार नाही. ज्या बाईनं आपल्या गावाजवळची टेकडीही कधी एकटीनं चढलेली नाही, तिनं पहिला प्रयोग लडाखमध्ये करू नये.

पण जिला चालायची सवय आहे तिच्यासाठी अटी ठरवता येतात. लेहला विमानानं पोचल्यावर किमान दोन दिवस खरोखरीची विश्रांती, बाजारहाटसुद्धा हळूहळू. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. उंचीसाठी गोळी घ्यायची तर आपल्या डॉक्टरांना विचारून, विशेषतः सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर. रक्तदाब, दमा, हृदयाचं काही दुखणं असेल तर निघायच्या आधीच तपासणी. वाट गावातून गावात जाणारी, आदल्या दिवशी स्थानिकांना विचारून घेतलेली. निघायचं सकाळी लवकर. एक म्हणजे दुपारनंतर वारा सुटतो, आणि दुसरं म्हणजे उन्हानं वरचं बर्फ वितळून सकाळी घोट्याइतका असलेला ओढा दुपारी गुडघ्यापर्यंत चढलेला असू शकतो. निघतानाच परतीची वेळ ठरवायची. समजा, बारा वाजले आणि खिंड आली नाही, तर मागे फिरायचं, मग खिंड हाताशी का दिसेना!

आभाळ भरून आलं तर अरुंद घळीत शिरायचं नाही. ‘वाळवंटात कसला आलाय पाऊस’ असं म्हणून चालत नाही. ऑगस्ट २०१० मध्ये लेह परिसरात एका रात्रीत ढगफुटी झाली आणि चिखल-दगडांच्या लोंढ्यात दोनशेहून अधिक माणसं गेली. जिथे झाडझाडोरा नाही तिथे पाण्याला धरून ठेवणारं काहीच नसतं.

आणि फोनवर विसंबायचं नाही. गावात रेंज असते, खिंडीत असेलच असं नाही. परदेशातले काही ट्रेकर उपग्रहावरून निरोप पाठवणारी छोटी यंत्रं बाळगतात. आपल्या देशात ती परवानगीशिवाय जवळ ठेवणं हा गुन्हा आहे, त्यामुळे तो पर्याय सर्वसामान्यांना नाही. मग उरतो तो जुना, खात्रीचा मार्ग. मागच्या गावाला सांगून निघायचं, पुढच्या गावाला कळवून ठेवायचं. अमुक वेळेपर्यंत आले नाही तर बघायला माणूस पाठवा. आचे-लेंनी केलं ते नेमकं हेच होतं.

राहता राहिला तो प्रश्न, जो सगळ्यांच्या मनात असतो पण ओठांवर येत नाही. माणसांची भीती. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. बाईला जन्मभर ती बाळगावी लागते आणि लडाखमध्ये पोचल्यावर ती विमानतळावर जमा करून ठेवता येत नाही. म्हणून मुक्काम कुठे, गाडीवाला कोण, हे तपासूनच घ्यावं. पण एक गोष्ट नजरेआड करू नका. आपल्या देशात नोंदल्या जाणाऱ्या बलात्काराच्या गुन्ह्यांत आरोपी बाईच्या ओळखीचा असण्याचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर आहे, असं सरकारच्याच गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षं सांगते. नातेवाईक, शेजारी, मित्र, वरिष्ठ. म्हणजे ‘बरोबर कोण आहे’ याचं उत्तर मिळालं की सुरक्षेचा प्रश्न मिटला, हा आपला समज किती पोकळ आहे बघा. अनोळखी डोंगराची भीती घालून आपण मुलींना ज्या घरात थांबवतो, त्या घराला मात्र हा प्रश्न कधी विचारत नाही.

इतिहासातल्या ‘एकट्या’ बायकांकडे पाहिलं की आणखी एक गोष्ट कळते. इझाबेला बर्ड ही ब्रिटिश प्रवासी १८८९ मध्ये लडाखमध्ये आली. तेव्हा ती पन्नाशी केव्हाच ओलांडून साठीकडे झुकली होती, नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती आणि तरुणपणापासून पाठीच्या दुखण्यानं तिला ग्रासलेलं होतं. १८९४ मध्ये तिनं त्या प्रवासावर पुस्तक लिहिलं. तिला आपण एकटी प्रवास करणारी बाई म्हणतो, पण तिच्याबरोबर नोकर होते, घोडा होता, सामान वाहणारी माणसं होती. मोठेपणा तिचा आहेच. पण ‘एकटी’ म्हणजे कुणाच्या आधाराशिवाय, असा अर्थ तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. ‘एकटी’ म्हणजे कुठे जायचं, किती चालायचं आणि केव्हा थांबायचं हे ठरवणारी ती स्वतः.

म्हणूनच जिला पूर्ण एकटीनं जायचा धीर होत नाही, तिनं कमीपणा मानू नये. २००९ मध्ये थिनलस चोरोल या लडाखी वाटाडीनं फक्त स्त्रियांनी चालवलेली ट्रेकिंग संस्था लेहमध्ये सुरू केली. वाटाडं म्हणून डोंगरात बाई जाणं हे तेव्हा तिथल्या समाजालाही नवं होतं. आज तिथल्या मुली हे काम करतात आणि गावागावांतल्या बायका घरगुती मुक्कामातून आपल्या हातात पैसा खेळवतात. दिवसभरासाठी अशी एखादी मुलगी बरोबर घेतली, तिला सांगितलं, की बाई गं, तू दोनशे पावलं पुढे चाल, मला माझ्या चालीनं येऊ दे, तरी तो दिवस तुमचाच असतो. शिवाय आपण दिलेले पैसे आणखी एका बाईच्या घरात जातात.

आता घरातल्या अडचणी. त्या डोंगरापेक्षा अवघड! मी परतल्यावर जाऊबाईंनी विचारलं, ‘भावजींनी परवानगी कशी दिली गं?’ मी म्हटलं, ‘मागितलीच नव्हती, निरोप ठेवला होता.’ त्या हसल्या, पण मला ते गमतीत घालवायचं नव्हतं. परवानगी आणि निरोप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवानगी ‘नाही’ म्हणू शकते. निरोपात ती सोय नसते, पण त्यात जबाबदारी असते. मी कुठे आहे, कोणत्या वाटेनं जाते, किती वाजता पोचेन आणि पोचले नाही तर कुणाला फोन करायचा, हे सगळं निरोपात असावं लागतं. आपल्यातल्या कित्येक जणींना परवानगीची इतकी सवय झालेली असते की ती झुगारायची म्हटलं की निरोपही झुगारून देतात. मुली मैत्रिणीकडे जाते सांगून भलत्याच गडावर जातात, ते यातूनच. विचारलं तर नाहीच म्हणतील, मग सांगायचंच कशाला? आणि नेमकी तीच मुलगी अडचणीत सापडली तर तिला शोधायचं कुठे, हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणजे मुलींना सुरक्षित ठेवण्यासाठी घातलेली बंदीच त्यांना असुरक्षित करते. हे आईबापांनी शांतपणे समजून घ्यायला हवं.

कुणी म्हणेल, एवढ्या खटाटोपातून मिळतं काय? मला तिथे काही साक्षात्कार वगैरे झाला नाही. खिंडीत पोचले, दगडांच्या राशीला टेकून डब्यातला बटाटा खाल्ला. वाऱ्याचा आवाज आणि स्वतःचा श्वास, दुसरं काही नव्हतं. खाली हेमिस शुकपाचनची जवाची शेतं आणि गावाची ती जुनी जुनिपरची राई दिसत होती. जुनिपरला तिकडे शुकपा म्हणतात, त्यावरूनच गावाचं नाव. ही झाडं पवित्र मानली जातात. उतरून ठरलेल्या घरी पोचले तेव्हा दारातल्या आजींनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे आणि मान डोलावून चहा ठेवला. एवढंच. पण त्या चार तासांत मी किती लहान-मोठे निर्णय घेतले, ते मोजले तेव्हा आश्चर्य वाटलं. इथे ओढा ओलांडू की वर जाऊ? आता थांबू की त्या वळणावर? एरवी घरात दिवसाला शंभर निर्णय आपण घेतो, पण ते सगळे इतरांसाठी. भाजी कोणती, डबा कुणाचा, औषध किती वाजता. स्वतःच्या पावलांपुरते निर्णय घ्यायचा सराव सुटलेला असतो. तो सराव पुढे उपयोगी पडतो, कारण म्हातारपण बहुतेक बायकांच्या वाट्याला एकटीनंच येतं. तेव्हा कुणी विचारत नाही, ‘बरोबर कोण आहे?’

तेव्हा मैत्रिणींनो, सुरुवात लडाखपासून करू नका. गावाजवळची टेकडी, माणसांची वर्दळ असलेला एखादा सोपा गड, सकाळचे तीन तास, एवढ्यावर भागवा. घरी निरोप ठेवा, वेळ लिहून ठेवा आणि ती वेळ पाळा. निरोपावर घरच्यांचा विश्वास बसायलाही चार-सहा फेऱ्या लागतात. आणि घरी थांबणाऱ्यांनो, लेक असो, सून असो, बायको असो की आई, ती निघाली की तिला चारच गोष्टी विचारा. कुठल्या वाटेनं जातेस? पाणी किती घेतलंयस? किती वाजेपर्यंत पोचशील? नाही पोचलीस तर कुणाला फोन करू? उत्तरं कागदावर लिहून घ्या, फोन हाताशी ठेवा आणि तिला जाऊ द्या.